पत्रकावरची मोकळी जागा

"तुमच्या वहिनी इथंच बसल्या होत्या," म्हातारा म्हणाला. "तुम्ही आत्ता घासताय ना, बरोब्बर तिथंच. चांगल्या तासभर गप्पा झाल्या आमच्या."

त्याचा हात थांबला. गुडघ्यांवर बसून तो सोफ्याच्या बैठकीवरचा कॉफीचा जुना डाग काढत होता. फेस नुकता वर यायला लागला होता आणि अशा वेळी हात थांबवायचा नसतो, नाहीतर डाग जातो पण त्याची कड राहते. हे त्याला कुणी सांगायला नको होतं, तरी हात थांबला. तोंडावर मास्क होता म्हणून बरं, नाहीतर म्हाताऱ्याने त्याचा चेहरा वाचला असता. तासभर? वहिनी तर त्या दिवशी घरी येऊन म्हणाली होती, पाच मिनिटांत आटपलं, बसच मिळेना म्हणून उशीर झाला. हेच शब्द. त्याने मास्कच्या आतून नुसतं "हं" केलं आणि पुन्हा ब्रश फिरवायला लागला. म्हातारा टपालखात्यातून निवृत्त झालेला, बायको गेलेली. कानाला माणूस मिळालं की सोडत नसणार, हे उघड होतं. तो आत्ताही खोलीच्या दारात उभा राहून डागाचा इतिहास सांगत होता. पण तासभर म्हणजे तासभर. दोन खोल्या, एक सोफा, एक गालिचा. बघायला एवढं होतं काय? आणि होतं, तर पाच मिनिटं कशाला सांगायची? कुणी विचारलं होतं? त्याने तर विचारलंही नव्हतं. न विचारता दिलेलं उत्तर म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. भिंतीचा पोपडा बघून पाणी कुठे मुरतंय ते ओळखण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. माणसं गालिचे कुठे पसरतात, कपाट मध्येच आडवं का लावतात, एकाच भिंतीवर एवढ्या तसबिरी का, याची कारणं त्याला आत शिरल्या शिरल्या कळायची, आणि पहिला हात तो तिथेच घालायचा. म्हाताऱ्याने पैसे दिले ते वहिनीने सांगितलेल्या आकड्याइतकेच. तेवढ्याने मन निवायला हवं होतं. उलट जिना उतरताना त्याच्या डोक्यात आलं, पैशात घोळ नाही, म्हणजे घोळ दुसऱ्या कशात तरी आहे.

काम घेण्याआधी घर बघून दर सांगायला जाण्याची ही पद्धत दादाची. धंदा दादाचाच. तो नुसता धाकटा भाऊ, आधी बादली उचलणारा, मग सफाईचं यंत्र चालवणारा, दादा गेल्यावर आपोआप मालक झालेला. दादाने पहिल्यापासून ठरवून टाकलं होतं की बघायला जाणारा माणूस वेगळा आणि करायला जाणारा वेगळा. बघायला जाताना चांगले कपडे, पॉलिश केलेले बूट, हातात काही नाही. हत्यारं नाहीत, पट्टी नाही, काही नाही. करायला जाताना एप्रन, डोक्याला फडकं, हातमोजे, तोंडावर मास्क, आणि बोलायचं कामापुरतं. "ज्याला खुर्ची दिली, त्यालाच संडास घासायला सांगायचं माणसाच्या जिवावर येतं," दादा म्हणायचा. "मग तो सांगत नाही, आणि काम अर्धवट राहतं." तेव्हा बघायला दादा जायचा. करायला तो आणि वहिनी. वहिनीचे गुडघे त्यातच गेले. लोकांच्या न्हाणीघरांच्या फरशांवर, शेगड्यांच्या मागे, पलंगांच्या खाली. वर्षानुवर्षं ती त्याच्या बरोबरीने राबली, पण मास्क आणि फडकं यांच्यामध्ये दोन डोळे, एवढीच त्याला आठवत होती. दादा गेल्यानंतर घरात बरेच दिवस कुणी काही ठरवलं नाही. मग एका सकाळी वहिनी निळा कोट घालून स्वयंपाकघरात उभी. तो कोट तिने कुणाच्या तरी लग्नासाठी घेतलेला आणि लग्नानंतर कधी अंगाला लावलेला नव्हता. "आता मी जाते बघायला," ती म्हणाली होती, "नाहीतरी खाली बसलं की मला उठता येत नाही." त्याला ते पटलं होतं. तेव्हा वहिनीचं सगळंच पटायचं.

नवं पत्रक छापायचं नेमकं याच आठवड्यात निघालं. जुनी पत्रकं संपत आली होती, आणि घराघरांच्या दारांच्या फटीत एक लाल पत्रक दिसायला लागलं होतं. कुणीतरी नवीन माणसं, गुळगुळीत कागद, आणि खाली चौकटीत दर: दोन खोल्या एवढे, तीन खोल्या एवढे, सोफा, गाद्या, पडदे, सगळं ओळीने. बायकोने ते औषधांच्या दुकानातून, म्हणजे तिच्या कामावरून, येताना आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. "मी काही म्हणत नाही," बायको म्हणाली. याचा अर्थ आता बराच वेळ बोलणार. "पण लोकांना दर दिसला पाहिजे. मी तरी ज्या दुकानात किंमत लिहिलेली नाही तिथे पाय ठेवत नाही. आत जाऊन विचारा, मग तो आपल्याकडे वरून खाली बघणार, मग काहीतरी आकडा सांगणार. कपडे बघून दर. नको बाई." वहिनी दाराजवळच्या स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. तिने लाल पत्रक हातात घेतलं, लांब धरून वाचलं, परत ठेवलं. "दोन खोल्या म्हणजे काय?" ती म्हणाली. "कुणाच्या दोन खोल्यांत एक माणूस राहतो आणि पुस्तकं. कुणाच्या दोन खोल्यांत चार मांजरं. घर न बघता आकडा कसा लिहायचा?" "कमीत कमी एवढे, असं लिहू," तो म्हणाला. "लिहा. मग जास्तीत जास्त तेवढेच देतील." हे सगळं धंद्याचंच बोलणं होतं आणि खरंही होतं. चार मांजरांचं घर त्यानेच धुतलं होतं. पण शेंगांची टोपली उचलून आत जाता जाता वहिनी आणखी एक वाक्य बोलली, जरा खालच्या आवाजात. "आणि दर छापला की सगळं फोनवरच ठरणार. मग घरात कोण बोलावणार?"

ते वाक्य त्याच्या डोक्यात भुंग्यासारखं फिरत राहिलं. घरात कोण बोलावणार. कुणाला? का बोलवायला पाहिजे? यंत्र घेऊन जाताना त्याला प्रत्येक घरात बोलावतातच की. वहिनीला बोलावलंच पाहिजे, असं घरांमध्ये काय आहे? तो गाडी चालवताना एकेक शक्यता घेऊन ती घासूनपुसून बघायला लागला. म्हातारा? छे, वहिनी आणि तो म्हातारा, नुसत्या कल्पनेनेच त्याला आधी हसू आलं आणि मग आलं नाही. वहिनी अजून म्हातारी नव्हती. दादा गेला म्हणून ती सगळ्यांच्या लेखी म्हातारी झाली होती, एवढंच. दुसरी शक्यता जास्त कडक होती. ती ओळखी जमवतेय. घराघरांत बसून, चहा पिऊन, पोरांच्या परीक्षांची चौकशी करून ती गिऱ्हाईक स्वतःचं करून घेतेय, आणि एक दिवस ही सगळी घरं उचलून वेगळी होणार. का नाही होणार? धंदा दादाचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. खरं तर मालक कोण, हे त्यांच्या घरात कधी तोंडाने बोललं गेलं नव्हतं. तो नुसता चालवत होता. ती लाल पत्रकवाली नवीन माणसं तरी कोण होती? या विचाराशी आल्यावर त्याने गाडी कडेला घेतली आणि जरा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मग त्याला वाटलं, काहीतरीच. आणि लगेच वाटलं, प्रत्येक घरात माणसं असंच म्हणतात, काहीतरीच, आमच्याकडे ओल नाही.

छापखानेवाला त्याला नमुना दाखवायला बोलावत होता. वर धंद्याचं नाव, खाली फोन नंबर, मध्ये बादलीचं चित्र. त्याला ते आवडलं नाही, पण छापखानेवाल्याकडे सफाईचं तेवढं एकच चित्र होतं. आणि खाली उजवीकडे एक मोकळी चौकट. "दर येणार असतील तर इथे येतील," छापखानेवाला म्हणाला. "नसतील तर मी तिथे एखादं फूल टाकतो. पण लवकर सांगा हं, माझं यंत्र अडून राहिलंय." मोकळ्या चौकटीकडे बघताना त्याला वाटलं, ही जागा वहिनीने अडवून ठेवली आहे. एवढ्याशा जागेत तिचं काहीतरी आहे आणि ते काय आहे हे आपल्याला माहीत नाही. "उद्या सांगतो," तो म्हणाला. उद्या वहिनी दातांच्या डॉक्टरीणबाईंचं घर बघायला जाणार होती. दादाने शिकवलेलं त्याला आठवलं. लोक कधीकधी मुद्दाम गालिच्याखाली नाणं ठेवतात, नाहीतर टेबलाच्या कडेला नोट विसरतात आणि दाराच्या मागून बघतात. तसं काही सापडलं की उचलायचं आणि सगळ्यांना दिसेल असं मधोमध ठेवायचं. काही बोलायचं नाही, आपल्याला कळलंय हेही दाखवायचं नाही. पहिल्यांदा त्याला असं नाणं सापडलं तेव्हा तो रडकुंडीला आला होता. वहिनीने त्याच्या हातातून ते घेतलं, फडक्याने पुसलं, लख्ख केलं आणि टेबलावर ठेवलं. "मळलं होतं हो," ती त्या घरच्या बाईला म्हणाली होती. दादा नंतर तिला रागावला, जास्त बोललीस म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्याने घरी सांगितलं की गोदामाच्या कामाला जातोय, आणि डॉक्टरीणबाईंच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, झाडाखाली गाडी लावली. तळमजल्याचं घर होतं. खिडक्या मोठ्या, आणि पडदे धुवायला द्यायचे म्हणून काढून ठेवलेले, त्यामुळे आतली खोली दुकानाच्या काचेसारखी उघडी. वहिनी बसमधून उतरून चालत आली. फाटकाशी थांबून तिने रुमालाने बूट पुसले, कोटाची कॉलर सारखी केली, केसांवरून हात फिरवला, आणि मग बेल दाबली. हा सगळा थाट कुणासाठी? दार उघडलं. खोलीत त्याला एक उंच पाठीची हिरवी खुर्ची दिसत होती, खिडकीशीच. डॉक्टरीणबाईंनी हाताने त्या खुर्चीकडे दाखवलं. वहिनी बसली. चहा आला, बशीतून काहीतरी खायला आलं. मग डॉक्टरीणबाई कानाला फोन लावून आत गेल्या आणि वहिनी खोलीत एकटी राहिली. तो पुढे सरकून बसला. आता. शेजारी कपाट होतं, त्याला खण होते, खणावर पर्स पडलेली होती. आपल्याला काय बघायचंय हे त्याला कळत होतं. तिने काहीतरी करावं, म्हणजे सुटलो. वहिनीने काही केलं नाही. ती नुसती बसली होती. पाठ खुर्चीला टेकलेली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. मग उजव्या हाताच्या बोटांनी तिने खुर्चीचं कापड कुरवाळलं, सावकाश, मागे-पुढे, आणि डोळे मिटले. ही बाई कोण आहे, असं त्याला क्षणभर वाटलं. घरात वहिनी बसलेली त्याने फारशी पाहिलीच नव्हती. ती दाराजवळच्या स्टुलावर टेकायची, एक पाय बाहेर ठेवून. कुणाला पाणी हवं, कुणाचा फोन वाजला, कुणाला जागा हवी, की पहिली उठायची तीच. खुर्च्या चार होत्या. त्याची दोन्ही मुलं आली की चारही भरायच्या आणि तिला खुर्ची पाहिजे का, हे विचारायचं कुणाला सुचलंही नव्हतं. तिने डोळे उघडले आणि सरळ खिडकीबाहेर बघितलं. बराच वेळ बघत राहिली, झाडाकडे असावी. तो आपोआप खाली सरकला. डॉक्टरीणबाई परत आल्या. वहिनी त्यांच्याकडे वळून काहीतरी बोलली आणि डॉक्टरीणबाई मान मागे टाकून हसल्या. वहिनीही हसली. वहिनी लोकांना हसवते? घरात ती शेवटचा विनोद कधी बोलली होती? त्याला एकही आठवेना. मग एवढं हसण्यासारखं काय सांगितलं तिने? कुणाबद्दल? त्याच्या मनाने उत्तर द्यायला अजिबात वेळ लावला नाही. आपल्याबद्दल. त्याने गाडी सुरू केली आणि थेट छापखान्यात गेला. "टाका दर," तो म्हणाला, आणि बायकोने रात्रीच लिहून दिलेला कागद खिशातून काढून दिला.

संध्याकाळी वहिनी घरी आली. बूट काढून बाजूला ठेवले, कोट हँगरला लावला, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि ओट्याशी येऊन उभी राहिली. "पाच मिनिटांत आटपलं," ती म्हणाली, त्याच्याकडे बघून. "बसच मिळेना." तो "बरं" म्हणाला. त्याला तिथल्या तिथे म्हणता आलं असतं, की मी बघितलं, तुम्ही आरामात बसला होतात, चहा प्यायलात, हसलात. पण मग तिने विचारलं असतं, तुम्ही कुठे होतात भाऊजी? म्हणून त्याने "कशा आहेत बाई?" एवढंच विचारलं. "बऱ्या आहेत. गावाला जाणार आहेत, आल्यावर सांगतील." आणि तिने भाजी चिरायला घेतली. तो तिच्या हातांकडे बघत होता. त्याच हातांनी खुर्ची कुरवाळली होती. किती सहज खोटं बोलते, त्याला वाटलं, आणि त्याला तिचा इतका राग आला की ताटावर बसूनही त्याला घास गोड लागेना.

पत्रकं आली तेव्हा ती गठ्ठ्यातलं पहिलं पत्रक घेऊन स्टुलावर बसली. चौकटीवरून तिने बोट फिरवलं, एकेका ओळीवरून. "छापलेत होय दर," ती म्हणाली. "हो, म्हणजे हिचं म्हणणं पडलं..." त्याने बायकोकडे मान वळवली. बायको म्हणाली, "मी काही म्हटलं नव्हतं." वहिनीने पत्रक परत गठ्ठ्यात घातलं आणि गठ्ठ्याच्या कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या. "बरं केलंत," ती म्हणाली. एवढंच? चिडेल, रडेल, भांडेल अशा वहिनीची तो तयारी करून बसला होता. बोलायची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. ही शांतता त्याच्या हिशेबात नव्हती. म्हणजे तिचं दुसरं काहीतरी ठरलंय, असा अर्थ त्याने काढला.

मग फोन सुरू झाले. पत्रकं वाटली आणि दुसऱ्याच दिवसापासून, बायको म्हणाली होती तसेच. "पत्रकावरचं दोन खोल्यांचं आहे ना, ते. मंगळवारी या. किल्ली शेजारी ठेवतो." "सोफा आणि गाद्या, लिहिलाय त्या दराने. आम्ही घरी नसू." कुणीही बघायला या म्हणेना. कशाला म्हणतील? आकडा समोर होता. कामं वाढली. त्याची कंबर धरली. बायको खूश होती आणि लाल पत्रकवाल्यांचं नाव काढून हसत होती. निळा कोट पिशवीतच राहिला. तो वाट बघत होता. आता वहिनी अस्वस्थ होईल, काहीतरी निमित्त काढून बाहेर पडेल, म्हाताऱ्याकडे जाईल, लपून फोन करेल, आणि मग आपल्याला कळेल. ती कुठेच गेली नाही. स्टुलावर बसायची, उठायची. एकदा तो अचानक घरी आला तेव्हा घरात कुणी नव्हतं आणि वहिनी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीत बसली होती, समोर चहाचा कप. त्याला बघताच ती उठली आणि कप मोरीत ठेवून विसळायला लागली, जसं काही चोरून प्यायली होती. "बसा की," त्याच्या ओठांवर आलं होतं. पण आपण अचानक आलोय ते बघायलाच, हे तिला समजलं असेल का, या विचारात ते राहून गेलं.

आणि मग एका सकाळी ती गाडीपाशी येऊन उभी राहिली, एप्रन घालून, डोक्याला फडकं बांधून. "मला बादली द्या," ती म्हणाली. "दोघांची कामं एकट्याने ओढताय." तो म्हणाला, "वहिनी, तुमचे गुडघे..." "गुडघे माझेच आहेत ना, भाऊजी?" त्याने बादली दिली. देतानाही मनात पाल चुकचुकली, की ही आता आपल्यावर नजर ठेवायला येतेय. पण ती यायची, मास्क लावायची, आणि न्हाणीघरात शिरायची. आतून घासण्याचा आवाज यायचा, मधेच थांबायचा, मग पाण्याच्या नळाला धरून ती उठतेय असं कळायचं, आणि पुन्हा घासण्याचा आवाज. त्याने तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून यंत्र चालू ठेवायची सवय लावून घेतली.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला तो असाच. गावाहून आल्या होत्या. "तुमच्याकडच्या बाई बघून गेल्यात मागे," त्या म्हणाल्या, "पण आता पत्रकावर दर आहेत, तेच धरून करून टाका. किल्ली वरच्या मजल्यावर आहे." त्याने वहिनीला कुणाचं घर ते सांगितलं नाही.  या वेळी त्याने गाडी झाडाखाली न लावता फाटकाशी लावली. आत शिरल्यावर ती हिरव्या खुर्चीजवळून गेली, थांबली नाही, नुसती मान थोडी वळली, आणि बादली घेऊन आत गेली. तो खुर्चीला लागला. जुनी, चांगली खुर्ची होती. हातांवरचं कापड जिथे बोटं पडतात तिथे विरलेलं. ब्रशने फेस चढवून, यंत्राने ओढून, तिची बैठक त्याने चिंब करून टाकली. मग पुढच्या पायांमधला भाग घासायला तो गुडघ्यांवर बसला, आणि त्याचं डोकं बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला आलं. त्याने सहज बाहेर बघितलं. फाटक, रस्ता, पलीकडे झाड. झाडाखाली आता दुसऱ्याच कुणाची गाडी होती, आणि तिची नंबरप्लेटसुद्धा त्याला सरळ वाचता येत होती.

ब्रश हातात तसाच राहिला. त्याच्या गाडीवर तर धंद्याचं नाव हातभर अक्षरांत लिहिलेलं. दोन्ही बाजूंना. दादानेच रंगवून घेतलेलं, लांबून दिसलं पाहिजे म्हणून. म्हणजे ती डोळे उघडून बराच वेळ झाडाकडे बघत होती, तेव्हा. म्हणजे तिला दिसलं होतं. दादाच्या धंद्याची गाडी, आत खाली सरकलेला दीर. आणि तरी ती वळली आणि डॉक्टरीणबाईंना हसवलं, आणि चहा संपवला, आणि बसने घरी आली, आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, पाच मिनिटांत आटपलं. ते खोटं नव्हतंच. ती त्याला बोलायला जागा देत होती. गालिच्याखालचं नाणं फडक्याने पुसून तिने मधोमध ठेवलं होतं, आणि तो "बरं" म्हणून जेवायला बसला होता. घरात कोण बोलावणार. ये बस, असं तिला जगात कुणी म्हणत असेल तर ते या अशा घरांतच म्हणत होते, अनोळखी माणसं, आठवड्यातून एखाद्या वेळी. तेवढ्यासाठी ती बूट पुसत होती.  आतून घासण्याचा आवाज येत होता. वहिनीला हाक मारावी आणि सांगावं, असं त्याला फार वाटलं. 

दार वाजलं. डॉक्टरीणबाई लवकर आल्या होत्या, काहीतरी विसरलं होतं म्हणून. "वा, वा, खुर्ची किती उजळली," त्या म्हणाल्या, खणातून कागद शोधता शोधता. "दर छापलेत ते फार बरं झालं हं. विचारायला अवघड वाटतं." वहिनी घाणेरड्या पाण्याची बादली घेऊन आतून आली आणि दारात थबकली. फडकं, मास्क, मधे दोन डोळे. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघून मान हलवली, जशी आपण कामाच्या माणसाकडे बघून हलवतो, आणि त्याला विचारलं, "त्या बाई नाही आल्या? मागे आल्या होत्या त्या, निळ्या कोटवाल्या?" त्याने तोंड उघडलं. मास्कच्या आत त्याचे ओठ हलले. त्या ह्याच, माझ्या वहिनी, एवढे चार शब्द होते. तो वहिनीकडे बघत राहिला.

"त्या आता येत नाहीत," वहिनी म्हणाली.

"अरेरे," डॉक्टरीणबाई मनापासून म्हणाल्या. "काय छान बोलायच्या. मी त्यांना म्हटलं होतं, पुढच्या वेळी निवांत बसू." कागद सापडला, तो पर्समध्ये टाकून त्या घाईने निघून गेल्या. दार लागलं. बाहेर फाटकाची कडी वाजली. वहिनीने बादली खाली ठेवली होती, ती उचलायला ती वाकली आणि तिचा गुडघा अडला. तिने भिंतीला हात लावला.

"वहिनी," तो म्हणाला. मास्क त्याने गळ्यापर्यंत ओढून खाली घेतला होता.  "वहिनी, जरा बसा ना. इथे बसा."

तिने हिरव्या खुर्चीकडे बघितलं. मग जवळ येऊन, हातमोजा काढून, बैठकीवर तळवा दाबून बघितला. बोटांच्या मधून पाणी वर आलं.

"ओली आहे, भाऊजी," ती म्हणाली. "वाळायला संध्याकाळ होईल." आणि हातमोजा पुन्हा चढवत तिने बादली उचलली. "तोवर आपण गेलेलो असू."